कॉकपिटचं दार उघडतं तेव्हा समोर फक्त ट्रॉली?

पेडणेकर_मोपा
गेल्या रविवारी बाबांना घेऊन गोव्याच्या मोपा विमानतळावरून दिल्लीला गेलो, सीट दुसऱ्या रांगेत. अर्ध्या वाटेत एअर होस्टेसने जेवणाची ट्रॉली आणून आडवी लावली, ब्रेक दाबला आणि ट्रॉलीमागे आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. मग दार उघडलं, पायलट टॉयलेटला गेला आणि एक क्रू आत गेली. बाबा तेवढ्यात उठले, शुगरमुळे त्यांना थांबवत नाही, तर तिने हाताने खूण करून परत बसवलं, बाबांच्या मनाला खूप लागलं ते. मला प्रश्न पडला की दार एवढं मजबूत केलंय म्हणतात मग ते उघडतं त्या वेळेला एका ट्रॉलीच्या भरवशावर कसं काय?

वास्कोवाला
९९ साली २४ डिसेंबरला मी दाबोळीला एका ट्रॅव्हल काउंटरवर होतो. घरोघरी स्टार लागलेले, आणि संध्याकाळी बातमी आली की काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ विमान पळवलं. अमृतसर, लाहोर, दुबई, शेवटी कंदाहार. एका प्रवाशाला मारलं, काहींना दुबईत सोडलं, बाकीचे ३१ तारखेला सुटले, तो आठवडा आम्ही कोणीच नीट जेवलो नाही. तेव्हाची दारं अगदीच हलकी असायची. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर जगभर नियम आला आणि नोव्हेंबर २००३ पासून मोठ्या प्रवासी विमानांना गोळी न भेदणारं, आतून लॉक होणारं दार सक्तीचं झालं.

केबिनताई_मडगाव
मी १४ वर्षं केबिन क्रू होते म्हणून सांगते, दार अजून जाड करून काही होणार नाही. २०१५ मध्ये जर्मनविंग्स या जर्मन विमान कंपनीचा कॅप्टन असाच बाहेर गेला आणि को-पायलटने आतून लॉक करून विमान आल्प्समध्ये डोंगरावर घातलं, १५० माणसं गेली. बाहेरून कोड टाकता येतो पण आतला माणूस तो नाकारू शकतो, तशी सोय ठेवली नसती तर क्रूच्या गळ्याला सुरी लावून कुणीही कोड काढून घेतला असता. म्हणून एक पायलट बाहेर आला की आमच्यातलं एकजण आत जायचं, आत कुणी एकटं राहायचं नाही.

खरी कच्ची बाजू तुम्ही पाहिली तीच, दार उघडं असतानाचे काही सेकंद. त्यावर उपाय आहे, दाराच्या अलीकडे घडी होणारं दुसरं गेट, तेही आधी बंद करायचं आणि मगच दार उघडायचं. अमेरिकेत २०१८ ला त्याचा कायदा झाला, २०२३ ला नियम आला, पण तो नव्याने बनणाऱ्या विमानांनाच, जुनी तशीच उडतायत. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडेही हे व्हावं आणि जुन्या विमानांनाही लावावं. ट्रॉलीमागे उभं राहिलं की हात घामेजतात हो, समोरचा माणूस आजारी आहे की आणखी काही हे त्या क्षणाला कळत नाही.

पेडणेकर_मोपा
ताई, बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. ते म्हणतात त्या मुलीला सांगा मी रागावलेलो नाही. परतीच्या फ्लाइटला त्यांना मागे टॉयलेटजवळची सीट घेतलीये.