नागलीचे पापड : काठाला चिरा आणि श्रावणात कुबट वास, चुकतंय कुठे?

वाळवण_पेठ
नमस्कार. बचत गटाच्या दहा जणी मिळून नागलीचे (नाचणीचे) पापड करतो. माल नाशिकमधल्या दोन किराणा दुकानांत आणि गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जातो. वाळताना शंभरातल्या पंधरा-वीस पापडांच्या काठाला चिरा जातात. मे महिन्यात भरलेली पाकिटं श्रावणात उघडली की कुबट वास येतो, काहींवर पांढुरकी बुरशी असते. २५० ग्रॅमचं पाकीट शंभर रुपयांना जातं, पण दुकानदाराचे वीस टक्के गेले की हातात काही राहत नाही.

कृती अशी : नागली धुऊन एक रात्र भिजवतो, वाळवून दळतो. उकळत्या पाण्यात पापडखार, मीठ, तीळ, जिरं टाकून पीठ घालतो आणि झाकून दहा मिनिटं वाफ देतो. सगळी उकड परातीत काढून मळतो, गोळ्या मशीनवर दाबतो आणि पापड लगेच गच्चीवर उन्हात टाकतो. पिशवी साधी पारदर्शक, मेणबत्तीवर चिकटवलेली. काय बदलावं?

उकड_आणि_ऊन
ताई, कृती बारकाईने लिहिलीत म्हणून दोष लगेच दिसतो. निम्म्या चिरा उकडीत आहेत, निम्म्या पहिल्या तासाच्या उन्हात.

नागलीच्या पिठाला गव्हासारखी ओढ नसते. पापड एकसंध राहतो तो फक्त शिजून चिकट झालेल्या स्टार्चमुळे. दहा मिनिटांच्या वाफेत पातेल्याच्या मधलं पीठ कच्चं राहतं आणि तेच काठाला फाटतं. पाणी मापाला माप घ्या, म्हणजे जेवढ्या वाट्या पीठ तेवढ्याच वाट्या पाणी. हे माप आकारमानाचं आहे, वजनाचं नाही. एकदा तुमच्या वाटीतलं पीठ वजन करून लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी गिरणीवाल्याने जाड दळलं तरी कळेल. एक किलो पिठाला १५ ग्रॅम पापडखार, २५ ग्रॅम मीठ इथून सुरुवात करा. खार टाकला की पाणी फसफसून वर येतं, म्हणून पातेलं अर्धं रिकामं हवं. पीठ घालून घोटलं की त्या उकडीचे मुठीएवढे उंडे करा आणि चाळणीवर ओल्या फडक्यात २० ते २५ मिनिटं परत वाफवा. उंडा मोडून पाहा : आत पांढुरकी, कोरडी रेघ दिसली तर अजून शिजायचाय.

सगळी उकड एकदम परातीत काढणं बंद करा. थंड झाली की ती घट्ट होते, मग कितीही मळली तरी दाबताना कड फुटते. एका वेळी एकच उंडा काढायचा, बाकीचे मंद आचेवर झाकलेले. तेलाचा हात लावून गरम असतानाच बत्त्याने किंवा वरवंट्याने कुटून मऊ करायचा.

आता मशीन. दाबाच्या मशीनवर बिजागरीच्या बाजूला पापड पातळ होतो, दांडीच्या बाजूला जाड राहतो. पातळ बाजू आधी वाळते आणि आकसते, जाड बाजू ओली असते, आणि चीर त्या दोन्हींच्या सीमेवर पडते. चिरलेले वीस पापड समोर ठेवून बघा, चिरा बहुतेक एकाच बाजूला असतील. उपाय साधा आहे : अर्धा दाब द्या, प्लास्टिकसकट पापड अर्धा गोल फिरवा, मग पूर्ण दाबा. गोळी ३० ग्रॅमची ठेवा, पाच इंचांचा पापड होतो आणि वाळून साधारण १२ ग्रॅम भरतो.

दाबल्याबरोबर कडक ऊन द्यायचं नाही. वरचा पापुद्रा ताठतो, आत ओल राहते, पापड वाकतो आणि तडकतो. आधी घरात किंवा मांडवाखाली, वारा लागेल अशा जागी तासभर, मग उलटवून आणखी अर्धा तास, आणि मगच ऊन.

गच्चीवरचं_ऊन
वरच्या उत्तरात बुरशीचं राहिलं, ते लिहिते. पापड वाळला की नाही हे हाताने ठरवू नका. दहा पापडांवर खूण करा आणि दर दोन तासांनी त्यांचं एकत्र वजन करा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की झालं. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वजन घटतच असतं, आणि पाकिटं मात्र पहिल्या संध्याकाळी भरलेली असतात. रात्री पापड बाहेर ठेवू नका, पहाटेचं दव दिवसभराची मेहनत घालवतं.

उन्हातून काढलेला गरम पापड थेट पिशवीत भरला तर त्याची वाफ आतच जमते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तीन तास निवू द्या, मग भरा. पिशवी पॉलिस्टर-पॉलीची, दोन थरांची घ्या. साध्या पातळ पिशवीतून पावसाळी हवा हळूहळू आत शिरतेच. मेणबत्ती सोडा, हातदाबाचं सीलिंग मशीन घ्या आणि दोन रेघा मारा. सीलच्या जागी तिळाचा दाणा किंवा पिठाची धूळ अडकली तर तिथून हवा जाते, म्हणून पिशवीचं तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पाकीट पाण्याच्या बादलीत दाबून बघा, बुडबुडा आला की सील फसलं.

कुबट वास प्रत्येक वेळी बुरशीचाच नसतो. गिरणीत तुमच्या आधी बाजरी दळली असेल तर जात्यात राहिलेलं पीठ मिसळतं, आणि बाजरीचं पीठ लवकर खवट होतं. पहिलं अर्धा किलो पीठ वेगळं काढा, पापडाला वापरू नका. भिजवणही तपासा : नागली आधी रोळून खडे-माती काढायची आणि भिजवलेलं पाणी बारा तासांनी बदलायचं. आंबूस वास आलेली नागली पुढे वाळवली तरी तो वास जात नाही.

हिशेबवही
शंभरात हातात का उरत नाही, ते आकड्यांत बघू. दर मी धरलेत, तुमचे टाका.

दहा किलो नागली ४५ रुपयांनी ४५०, दळण ८०, तीळ-जिरं-खार-मीठ २००, तेल-गॅस १६०. झाले ८९०. मजुरी : उकड, दाबणं, उलटवणं, भरणं मिळून पाच रोज, ४०० रुपयांनी २,०००. बहुतेक गट हीच ओळ वहीत लिहीत नाहीत आणि माल ‘नफ्यात’ जातो असं समजतात. दहा किलोचं नऊ किलो पीठ, त्याची साधारण ३६ पाकिटं. तुटफूट धरून विकण्याजोगी ३४. पिशवी आणि लेबल पाच रुपयांनी १७०. एकूण ३,०६०, म्हणजे पाकिटाला ९० रुपये खर्च. तुम्ही शंभराला विकता आणि दुकानदार त्यातले २० घेतो. प्रत्येक पाकिटामागे दहा रुपये तुमच्या मजुरीतून जातात.

गटासाठी खर्चावर १५ टक्के धरा : ९० चे १०३ रुपये ५० पैसे. आता यात वीस टक्के मिळवले तर १२४ येतात, आणि इथेच चूक होते. दुकानदार वीस टक्के छापील किमतीवर कापतो. १२४ मधले जवळपास २५ गेले की तुमच्याकडे ९९ येतात. म्हणून मिळवायचं नाही, ०.८ ने भागायचं : १२९.४, छापील किंमत १३०. तुटलेल्या पापडांचा चुरा वेगळ्या पाकिटात, कमी दराने विका. खाणावळी आणि चिवडा करणारे घेतात.

नागली सुगीनंतर, डिसेंबर-जानेवारीत आठवडे बाजारातून एकदम घ्या. वर्षाचे पापड मार्च ते मे या तीन महिन्यांतच करायचे, तर तेवढे पैसे आधीच लागतात. त्यासाठी गटाचं अंतर्गत कर्ज किंवा बँकेची कर्जमर्यादा फेब्रुवारीत नको, नोव्हेंबरात मागा.

वाळवण_पेठ
खूप आभार. दोन गोष्टी अजून. खार वाढवला तर पापड जास्त फुलतो, पण काळपट होतो, ते का? आणि लेबलवर काय छापायचं? ‘ग्लुटेन फ्री’ (गव्हात असतं ते ग्लुटेन प्रथिन नसलेलं) लिहा असं एका दुकानदाराने सुचवलंय.

उकड_आणि_ऊन
नागलीच्या सालीतली तुरट द्रव्यं खाराशी आली की गडद होतात. खार जास्त झाला की भाजल्यावर तपकिरी डाग आणि जिभेला कडवट, साबणासारखी चव येते. प्रत्येक नव्या पुड्याचा खार सारखा नसतो. आधी १०० ग्रॅम पिठाची उकड करा, चार पापड पंख्याखाली वाळवून भाजा, मग मोठं पातेलं चढवा. फुलण्यासाठी खारापेक्षा बारीक दळण आणि पूर्ण शिजलेली उकड जास्त कामाची.

हिशेबवही
‘ग्लुटेन फ्री’ छापू नका. त्याला ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असा निकष आहे, आणि गहू दळणाऱ्या गिरणीतून आलेल्या पिठाबद्दल तपासणीशिवाय तसं म्हणता येत नाही. ग्लुटेन न चालणारा, पोटाच्या विकाराचा माणूस त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून खातो.

लेबलवर हे हवंच : पदार्थाचं नाव, घटक जास्त ते कमी या क्रमाने, हिरवी शाकाहारी खूण, अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, गटाचा पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम दर (१३० ला ५२ पैसे), उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत खावं, तक्रारीचा फोन. वजनकाट्यावर दरवर्षी वैधमापन (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) विभागाचा शिक्का घ्या आणि पाकीट २५२ ग्रॅमचं भरा.

गच्चीवरचं_ऊन
एक राहिलं. लिज्जतमध्ये पीठ एका जागी मळून ते बायका लाटायला घरी नेतात, म्हणून अनेक गट तशीच वाटणी करतात. ती उडदाच्या पिठाला चालते, नागलीच्या उकडीला नाही, कारण घरी पोचेपर्यंत ती थंड होते. पातेलं आणि मशीन एकाच पडवीत हवं. दोन मशीन असतील तर एक बाई फक्त उकडीवर बसवा.

आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन पावसात आहेत. त्र्यंबकला माल द्यायचा विचार असेल तर तो त्याच वर्षी मेअखेर वाळून, सील होऊन, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवलेला असला पाहिजे. जूननंतर केलेला पापड तिकडे पाठवू नका.