मदत हवी आहे: लिफ्टनंतर (गाडी उंच केल्यावर) प्रोपेलरचा (मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) थरथराट, पाटा अन् ॲक्सलमधली पाचर किती अंशांची?

गाडी महिंद्राची जुनी थार सीआरडीई (डिझेल). पुढं टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी पिळाची दांडी) कसून, मागं जादा पाटा अन् लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा दुवा) टाकून २ इंच लिफ्ट. टायर २३५/७० ऐवजी २४५/७५ आर१६. व्यास साधारण ३८ मिमी वाढला.

६०-७० च्या वेगात ॲक्सिलरेटर दाबला की थरथर. न्यूट्रलला बंद, म्हणून टायरवर संशय नाही. बॅलन्सिंग, अलाइनमेंट झालं. क्रॉस (प्रोपेलरचे सांधे) नवे, पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा कसले. मोजलं तर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) कोन ४ अंश, पिनियनचा (मागच्या ॲक्सलच्या तोंडाच्या गिअरचा) ७. शॅकलनं पिनियनचं नाक वर गेलंय.

लिफ्ट काढायची नाही. पावसात काळ्या रानातून जाणं रोजचं. ॲल्युमिनियमची पाचर तडकते, म्हणून लोखंडीच हवी. लोडखाली पिनियन वर उचलतो हे धरून पाचर ३ अंशांची घ्यावी की ४ ची? अन् जालना-संभाजीनगरात तयार कुठं मिळेल?