'चिनी उद्धट, जपानी देवमाणूस' हे आता पुरे

मोगरा_सुझौ
काल इथे एकांनी चीन-जपानच्या पॅकेज टूरवर लिहिलं. शेवटचं वाक्य: "चिनी माणूस उद्धट, जपानी माणूस देव." खाली 'सहमत'ची रांग. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी दोन्हीकडे नोकरी केली आहे, आधी चीनमधलं सुझौ, मग जपानमधलं योकोहामा. सुझौत लोक रांगेत घुसतात, मेट्रोत फोनवर ओरडून बोलतात, पगार किती आणि मूल का नाही हे पहिल्याच भेटीत विचारतात. सगळं मान्य. पण मी तापाने फणफणले होते तेव्हा समोरच्या आजी सरळ आत आल्या, माझ्या हातातला गार पाण्याचा पेला काढून घेतला आणि थर्मासमधलं वाफाळतं पाणी ओतून दिलं. ते संपेपर्यंत खुर्ची ओढून समोर बसून राहिल्या. चीनमध्ये कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय गरम पाणी. रेल्वेच्या डब्यातसुद्धा त्याचा नळ असतो.

योकोहामात शेजारी रोज वाकून नमस्कार करायचे. घर सोडलं तेव्हाही त्यांचं नाव मला फक्त दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं. याला शिस्त म्हणा. आपुलकी म्हणू नका.

निशिकासाई_काकू
कुणी घरात घुसलं तरच आपुलकी का? माझा लेक पहिलीपासून एकटा चालत शाळेत जातो. चौकात पिवळा झेंडा घेऊन एक आजोबा उभे असतात, पावसातही, एक येन न घेता. त्यांनी आम्हाला पगार विचारलेला नाही, पण लेक दोन दिवस दिसला नाही तर बरा आहे ना, एवढं नक्की विचारतात. आणि आमच्या टोकियोच्या एदोगावा वॉर्डात २०१९ साली योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले, जपानी नागरिकांच्या मतांवर. मराठी माणूस! हे चीनमध्ये होईल?

कावासाकीचा_बाळ्या
मत देतील हो काकू, घर देत नाहीत. एजंटने माझ्यासमोर घरमालकाला फोन लावला. पलीकडून परदेशी माणूस नको म्हटल्यावर त्याने कमरेत वाकून माझी माफी मागितली आणि फाइल मिटली. त्या माफीचं मी काय करू? २०१७ साली जपानच्या न्याय मंत्रालयाचीच पाहणी आली होती. घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना परदेशी म्हणून नकार मिळालेला. वर हमीदार आणा, आणि मालकाला रेइकिन, म्हणजे घर दिल्याबद्दल आभाराचे पैसे द्या, जे कधीच परत मिळत नाहीत.

दादर_टीटी
जपानला कशाला नावं ठेवता? मुंबईत माझ्याच शहरात मला दोन सोसायट्यांनी मासे खाता म्हणून घर नाकारलं. तेही वाकून नाही, तोंडावर.

तुळशीबाग
ज्याची जागा, त्याची मर्जी. सुकटीचा वास जिन्यात भरला की त्रास आम्हाला होतो.

दादर_टीटी
तुमच्या उदबत्तीचा धूर आमच्या घरात येतो, आम्ही कधी बोललो? माझे आजोबा याच गल्लीत राहिले, आणि आता आमच्या ताटात काय आहे हे सेक्रेटरी ठरवणार!

तुळशीबाग
आवाज खाली. मी तुमच्या आजोबांबद्दल काही बोललेलो नाही.

मोगरा_सुझौ
धागा चीन-जपानचा आहे!

कावासाकीचा_बाळ्या
ताई, हा त्याच विषयाचा भाग आहे. माणूस पाहुणा असेपर्यंत सगळेच गोड. भाड्याने घर मागायला गेलात की खरी संस्कृती कळते.

निशिकासाई_काकू
मग चीनचंही सांगा की. परदेशी पासपोर्ट बघून हॉटेलवाले खोली नाकारायचे, हे माझ्या नवऱ्याने तिथे सोसलंय. घरी उतरलात तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद. त्या आजी आत आल्या त्या काळजीने, पण सरकारही तसंच आत येतं.

मोगरा_सुझौ
सरकारचं खापर आजींवर फोडू नका. सोलापूरचे डॉ. कोटणीस युद्धातल्या जखमींवर उपचार करायला १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. शिजियाझुआंगला त्यांच्या समाधीवर आजही फुलं वाहतात. मी भारतीय आहे म्हटल्यावर त्या आजींनी पहिलं नाव त्यांचंच घेतलं होतं. हॉटेलांचं मात्र मान्य. मलाही रात्री बॅग ओढत दुसरं हॉटेल शोधावं लागलंय.

निशिकासाई_काकू
आणि एजंटचं मलाही मान्य करावं लागतंय. आम्हालाही हमीदार मिळाला तो नोकरीच्या कंपनीमार्फत, शेजाऱ्यांमार्फत नव्हे. पण दादरकर, इथे गॅसच्या शेगडीतच मासे भाजायचा खण असतो. बांगडा भाजला म्हणून कुणी घर नाकारत नाही.

दादर_टीटी
तुळशीबागवाले, वाचलंत?

तुळशीबाग
वाचलं. माझ्या सोसायटीचा नियम त्याने बदलत नाही.