मुंबई–लंडन: येताना दहा तास, जाताना नऊ?

नमस्कार मंडळी,

आई पहिल्यांदाच एकटी माझ्याकडे लंडनला येतेय. तिला वेळा समजावून सांगता सांगता मीच अडकले. मुंबई–लंडन हवाई अंतर नेटवर साधारण ७,२०० किलोमीटर दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर आठ तास व्हायला हवेत. तिकिटाप्रमाणे मात्र इकडे येताना १० तास आणि परत जाताना ९. शहरं तीच ना? बाबांचं तर निराळंच. सुटणार दुपारी १ ला, पोचणार ६:३० ला, म्हणून ते सगळ्यांना सांगत सुटलेत, "साडेपाच तासांत लंडन!"

---

ताई,

आधी बाबांचं बघू. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात लंडन भारताच्या साडेचार तास मागे असतं. साडेपाच अधिक साडेचार, झाले दहा. हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तासांचा होतो, तेव्हा हिशोब पाठ करू नका.

आता ते ७,२००. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर तो जसा बसेल, ते हे अंतर. विमानाला तो दोरा क्वचितच मिळतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा. धावपट्टीसाठी रांगेत उभं राहणंही त्यातच आलं.

जाण्यायेण्यातला फरक मात्र वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो, तोच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याला जास्त जोर. मागच्या डिसेंबरात मुंबईला जाताना सीटसमोरच्या स्क्रीनवर वेग १,०५० दिसत होता. परतताना तो ८०० च्या वर सरकेना. इंजिनं तीच, विमानही त्याच जातीचं.

---

काका, एक शंका. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पूर्वेचं शहर उलट लांब पळायला नको का?

---

नाही हो. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेतच असतं. नाहीतर नुसती उडी मारली तरी आपण भिंतीवर आपटलो असतो!

वाऱ्याची खरी करामत बघायची तर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को घ्या. एअर इंडियाने २०१६ मध्ये अटलांटिकची वाट सोडून पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे, जायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढलं, पण पाठीशी वारा मिळाल्याने वेळ दोनेक तासांनी कमी झाला. म्हणून कुणी नुसते किलोमीटर सांगितले की मी विचारतो, कुठल्या दिशेला आणि कुठल्या महिन्यात?

आणि ताई, आईला घ्यायला निघण्याआधी फ्लाइट नंबर टाकून उतरण्याची अंदाजे वेळ बघा. तिकिटातली वेळ महिनोन् महिने आधी ठरलेली असते, वारा त्या दिवशीचा असतो.