पद्धत लिहिली म्हणजे कोड दिल्यासारखंच?

काही जण म्हणतात की शोधनिबंधात पद्धत नीट लिहिली असेल तर कोड, म्हणजे आकडेमोडीसाठी वापरलेला संगणक प्रोग्रॅम, मागायचं कारण नाही. मला हे अजिबात पटत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत असलेल्या जेफ्री चँग यांचंच उदाहरण घ्या. २००१ मध्ये त्यांच्या गटाने एमएसबीए या प्रथिनाची रचना 'सायन्स' या नियतकालिकात छापली. २००६ मध्ये स्विस संशोधकांनी तशाच दुसऱ्या प्रथिनाची रचना काढली, ती काही केल्या जुळेना. मग उलगडलं: चँग यांच्या गटाने वापरलेला प्रयोगशाळेपुरता लिहिलेला प्रोग्रॅम विदेच्या (डेटाच्या) दोन स्तंभांची अदलाबदल करत होता, त्यामुळे ज्यावरून प्रथिनाची रचना ठरवतात तो इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशाच उलटा झाला. पाच निबंध मागे घ्यावे लागले! इतरांनी त्या रचनेशी आपले निष्कर्ष ताडण्यात वर्षं घालवली, ते वेगळंच. निबंध कितीही बारकाईने वाचला तरी ही चूक दिसणार नव्हती, कारण ती कोडमध्ये होती.

'कोड गबाळा आहे' हे कारणही नको. आहे तसा द्या. झेनोडो या संशोधनाचा कोड आणि विदा साठवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवला तर डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, कुठली आवृत्ती वापरली तेही नोंदलं जातं. फक्त सोबत परवाना जोडा, नाहीतर कोड दिसेल पण इतरांना तो हक्काने वापरता येणार नाही.