काळा रंग काळा दिसेना! मिनिएचर रंगवणाऱ्यांची मदत हवी आहे

यार्डातला_रंगारी

नमस्कार मंडळी,

भुसावळहून लिहितोय. दोन वर्षांपासून २८ मिमीचे टेबलटॉप सैनिक, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातले चिमुकले पुतळे, रंगवतो. आसपास हा नाद असलेला दुसरा कोणी अजून भेटलेला नाही, आणि घरचे याला भातुकली म्हणतात. लाल, निळा, हिरवा बऱ्यापैकी जमतात. काळ्यापाशी मात्र गाडं अडलंय.

या वेळी दहा पायदळ आणि एक घोडेस्वार घेतलाय. सगळ्यांचं चिलखत काळं, अंगरखे काळे, घोडाही काळा. हौसेने निवडले, आता पस्तावतोय. नुसता काळा लावून सोडला तर हातभर अंतरावरून कोळशाचा खडा दिसतो. नाक कुठे, ढाल कुठे, पत्ता लागत नाही. म्हणून काळ्यात पांढरा मिसळून करडा केला आणि सगळीकडे ड्रायब्रश मारला, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून घासला. आता सैनिक काळे राहिलेच नाहीत, सिमेंटच्या गोणीत लोळून आल्यासारखे झालेत. त्यावर न्यूल्न ऑइलचा वॉश (खाचांत उतरणारा पातळ काळा रंग) दिला तर सिमेंट ओलं झालं, एवढाच फरक.

आणखी दोन गोष्टी. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तर थर, हार्डवेअरच्या दुकानातला काळा मॅट स्प्रे आहे. गच्चीवर दुपारी मारला, तर पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत झाला. आणि रंग ब्रशवरच वाळतो. बारीक रेघ ओढायला जावं तर अर्ध्यात तुटते.

सामान: अबॅडन ब्लॅक (काळा), डॉनस्टोन (करडा), न्यूल्न ऑइल आणि बाकी सगळे स्टेशनरीतले ऍक्रिलिक. ब्रश शून्य आणि एक नंबरचे. फोटो जोडलाय. हसायचं असेल तर हसा, पण उपाय सांगा.

धुळेकर_भो

राम राम भो. मी बी हाऊच कुटाणा करेल शे.

आधी प्रायमरचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, त्यात दुपारी गच्चीवर स्प्रे? नळीतून निघालेले थेंब सैनिकापर्यंत पोचण्याआधीच हवेत वाळतात आणि भुकटी होऊन चिकटतात. सकाळी साडेसहाला मार, वारा नसताना. डबा वीतभर अंतरावर धर, हात हलता ठेव. खरखरीत झालेत त्यांच्यावर हायलाइट (उजेडाच्या जागी फिका रंग) करण्यात वेळ घालवू नकोस, रंग काढून परत सुरुवात कर.

रंग वाळतो त्याला वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी ताटली. घट्ट झाकणाचा डबा, तळाशी ओला स्पंज, वर बेकिंगचा बटर पेपर. मेणकागद नको, त्यातून पाणी वर येत नाही. आणि पंखा बंद! घाम पूस, पण पंखा बंद.

तापीकाठ

फोटो पाहिला. अर्धा दोष मोबाइलचा आहे. समोर काळं आलं की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि काळ्याचा करडा करतो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड खाली ओढा आणि परत काढा.

उरलेला अर्धा दोष ड्रायब्रशचा. काळी वस्तू काळी दिसते ती तिच्यावरचा बहुतेक भाग काळाच राहिला म्हणून. तुम्ही सगळीकडे करडा नेलात, मग डोळा त्याला करडी वस्तूच म्हणणार. हायलाइट थोड्या जागेत हवा. मात्र त्या थोड्या जागेत बिचकायचं नाही.

दुसरं म्हणजे, काळं काय आहे ते आधी ठरवा. चिलखत आणि अंगरखा दोन्ही एकाच करड्याने उजळलेत, म्हणून दोन्ही एकाच मातीचे वाटतात. घरात चंद्रकळा असेल तर खिडकीपाशी धरून बघा. सुती असेल तर चुण्यांवर उजेड रुंद पसरतो, पण मंद असतो, पांढऱ्यापर्यंत कधी जात नाही. आता भाकरीचा वापरून गुळगुळीत झालेला तवा घ्या. सगळा काळाकुट्ट, आणि कडेला एकच चकचकीत रेघ. कापडाला पहिला न्याय, चिलखताला दुसरा.

चिलखताची माझी पद्धत: अबॅडन ब्लॅकचे दोन पातळ हात. पातळ म्हणजे गायीच्या दुधाएवढा, म्हशीच्या नाही. मग डार्क रीपरने सगळ्या कडा. हा निळसर-हिरवट काळपट रंग आहे, त्यामुळे चूक झाली तरी डोळ्यात खुपत नाही. त्यावर फेनरिसियन ग्रे (फिका निळसर करडा), तोही फक्त आभाळाकडे तोंड असलेल्या कडांना: खांद्याची वरची कड, शिरस्त्राणाचा माथा, गुडघा. खालच्या कडा डार्क रीपरवरच सोडा. शेवटी कोपऱ्यांवर जवळजवळ पांढरा ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. रेघ ब्रशच्या टोकाने ओढू नका. केसांची बाजू कडेला टेकवून सरकवा, कडच रंग ओढून घेते. ब्रश आधी फडक्यावर एकदा पुसायचा. रेघ जाड झाली तर काळ्याने खालून कापून बारीक करायची. मी निम्मा वेळ हेच करतो.

अंगरख्याला तुमचा डॉनस्टोन चालेल, पण थेट नको, काळ्यात मिसळून दोन-तीन पायऱ्यांनी वर या. शेवटी पातळ काळ्याचा ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, बिनदुधाच्या चहाइतका पातळ, म्हणजे पायऱ्या एकमेकींत मिसळतील. चामड्याला तपकिरी मिसळा, झालं.

आणि काळ्यात नुसता पांढरा घालणं सोडा. त्याचा करडा थंड, खडूसारखा येतो. तुमचं सिमेंट तिथूनच आलंय. हस्तिदंती किंवा माणसाच्या कातडीचा रंग घालून बघा.

यार्डातला_रंगारी

तापीकाठ, दंडवत! रविवारी पहाटे उठून एकच सैनिक नव्याने केला. बायकोने विचारलं, एवढ्या सकाळी कुठली गाडी पकडायची आहे? डार्क रीपर यायचा आहे, म्हणून काळ्यात स्टेशनरीतला निळा आणि थोडा हस्तिदंती घालून भागवलं. कडा थोड्या जाड आहेत, पण चिलखत चिलखत वाटतंय. वेट पॅलेटने तर जीव वाचवला.

आता दोन शंका. वाळल्यावर काळा फिका का पडतो? लावताना काय सुंदर दिसतो! आणि घोड्याचं काय करू? त्याला कडाच नाहीत.

धुळेकर_भो

पहिल्याचं मी सांगतो. पहिला पाऊस पडल्यावर काळं रान कसं दिसतं, आणि तेच रान मे महिन्यात भेगाळल्यावर? माती तीच. ओली असते तेव्हा काळीभोर, सुकली की राखट. मॅट रंगाचंही तसंच, खडबडीत पृष्ठभाग उजेड चहूकडे उधळतो. चिलखतावर शेवटी सॅटिन (अर्धवट चकाकीच्या) वार्निशचा एक हात मार, काळोख परत येतो. अंगरखा मॅटच ठेव.

सातपुड्याखाली

घोड्यासाठी मी आलो, नंदुरबारकडचा आहे. दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत कधी गेलात तर काळा घोडा उन्हात उभा असताना नीट बघा. उजेड कडेवर नाही, फुगीर भागावर पडतो: पुठ्ठा (मागचा गोल भाग), खांदा, मानेची कमान, गालाचं हाड. खरारा केलेल्या घोड्यावर तिथे निळसर चकाकी असते आणि तिच्या कडा विरघळलेल्या असतात. उलट, उन्हातान्हात राहिलेल्या काळ्या घोड्याची लव तांबूस पडते. पोट आणि मांडीजवळ काळ्यात थोडा तपकिरी घातलात तर घोडा जिवंत वाटेल. रंग केसांच्या दिशेने, छोट्या छोट्या रेघांनी लावा. आयाळ आणि शेपूट अंगापेक्षा अधिक काळी ठेवा, तिथे चार-पाच करड्या रेघा पुरेत. टापांना काळा नको, करडा-तपकिरी.

यार्डातला_रंगारी

तांबूस काळा कधी डोक्यातच आला नसता. आजच बसतो. सॅटिन वार्निश जळगावात कुठल्या दुकानात मिळतं का? लाकडाचं चालेल की ऍक्रिलिकचंच हवं?

तापीकाठ

पाण्यात मिसळणारं ऍक्रिलिकचंच घ्या. लाकडाचं बरंच वार्निश पिवळट असतं, काळ्यावर ते मळकट दिसेल. आणि आधी फुटक्या ढालीवर एक थेंब लावून बघा.