डेबियन १२ : लॉगिन स्क्रीन यायला अडीच मिनिटं, पासवर्ड दिल्यावर पुन्हा काळा पडदा

अंबड_वर्कशॉप :
मंडळी, नमस्कार. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमच्या शॉपफ्लोअरवर ड्रॉइंग बघायला एक डेस्कटॉप आहे. डेबियन १२ (लिनक्स), एक्सएफसीई डेस्कटॉप, लॉगिन स्क्रीन दाखवायला लाइटडीएम, रॅम ८ जीबी. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली आणि रूट पार्टिशन तिच्यावर क्लोन केलं. आता मशीन पळायला हवं, तर उलटंच झालंय. बूटचा वेळ मोजणारी सिस्टमडी-ॲनलाइझ कमांड सांगते : कर्नल ३६ सेकंद, त्यानंतर सर्व्हिस सुरू होण्याचा टप्पा म्हणजे यूजरस्पेस १ मिनिट ५२ सेकंद. तिच्या ब्लेमच्या यादीत (कुठल्या सर्व्हिसने किती वेळ खाल्ला) सगळ्यात वर प्लायमाउथ-क्विट-वेट आणि त्याखाली नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन. ड्रॉइंग नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) आहेत, तिथला सीआयएफएस शेअर (सामायिक फोल्डर) एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला काय काय माउंट करायचं (जोडायचं) त्या फाइलमध्ये टाकलाय. पासवर्ड दिल्यावर अर्धा मिनिट नुसता काळा पडदा, माउसचा बाण तेवढा फिरतो. इकडे लाइट जा-ये करते, त्यामुळे मशीन कायम चालू ठेवणं जमत नाही. कुठून सुरुवात करू?

सिडको_४२२००९ :
ब्लेममध्ये वर दिसतात त्या दोन्ही सर्व्हिस मास्क (पूर्ण बंद) करून टाका, विषय संपला.

गोदाकाठ_रूट :
नका करू भाऊ. प्लायमाउथ-क्विट-वेट स्वतः काहीच काम करत नाही. बूटचं चित्र पडद्यावरून जाईपर्यंत ते थांबून राहतं, एवढंच. बाकीच्यांनी लावलेला उशीर त्याच्या नावावर दिसतो. मास्क केलंत तर यादीतून नाव जाईल, वेळ तेवढाच लागेल.

खरा चोर बहुधा त्या यादीत नाहीच. जे डिव्हाइस कधी उगवलंच नाही, त्याची वाट बघण्यात गेलेला वेळ ब्लेम दाखवत नाही. त्यासाठी हे चालवा :

सिस्टमडी-ॲनलाइझ क्रिटिकल-चेन
जर्नलसीटीएल -बी | ग्रेप -आय "टाइम्ड आउट"

पहिल्यात सिसइनिट.टार्गेटसमोर (बूटचा सुरुवातीचा टप्पा) दीड मिनिटाच्या आसपासचा आकडा आणि लगेच खालच्या ओळीत दोन-तीन सेकंद असं दिसलं, तर मधले ९० सेकंद डिव्हाइसची वाट बघण्यात गेले. सिस्टमडी म्हणजे बूटला सगळं सुरू करणारा प्रोग्राम, त्याची ठरलेली मुदतच ९० सेकंदांची आहे. जुन्या डिस्कवर स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन होतं का? डिस्क काढली तरी एफएसटॅबमधली तिची ओळ तशीच राहते.

अंबड_वर्कशॉप :
हो, स्वॅप वेगळं होतं. क्रिटिकल-चेनमध्ये सिसइनिटसमोर १ मिनिट ३१ सेकंद, खाली २ सेकंद. जर्नलमध्ये एका यूयूआयडीपुढे (पार्टिशनच्या ओळख क्रमांकापुढे) टाइम्ड आउट लिहिलंय.

गोदाकाठ_रूट :
मग सापडलं. एलएसबीएलके -एफ चालवून आत्ता मशीनवर खरोखर असलेले यूयूआयडी बघा आणि एफएसटॅबशी एकेक करून ताडून घ्या. जो जुळत नाही त्या स्वॅपच्या ओळीआधी # टाका. स्वॅप होतं म्हणून मशीन निदान दीड मिनिटाने तरी उठतंय. तिथे डेटाचं पार्टिशन असतं आणि नोफेल (सापडलं नाही तरी पुढे जा, असं सांगणारा ऑप्शन) नसतं, तर थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत बसलं असतं.

एवढ्यावर थांबू नका. कर्नलचे ३६ सेकंदही त्याच स्वॅपचे आहेत. डेबियनमध्ये इनिटरामएफएसचा (रूट पार्टिशन माउंट होण्याआधी चालणाऱ्या छोट्या सिस्टीमचा) वेळ कर्नलच्या खात्यात धरला जातो, आणि इनिटरामएफएस हायबरनेटमधून परत येण्यासाठी ते जुनं स्वॅप तीसेक सेकंद शोधत बसतं. /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम ही फाइल उघडून त्यात फक्त रिझ्यूम=नन ठेवा (पहिला शब्द कॅपिटलमध्ये, दुसरा स्मॉलमध्ये). फाइल नसेल तर तयार करा. मग :

सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू

ही कमांड विसरली की फाइल बदलूनही ३० सेकंद तसेच राहतात. नव्या एसएसडीवर पुन्हा स्वॅप केलंत, तर एमकेस्वॅप दर वेळी नवा यूयूआयडी देतं हेही ध्यानात असू द्या.

पेठरोड_पेंग्विन :
उरलेले वीस-बावीस सेकंद नॅसच्या शेअरचे. लाइटडीएम सिस्टमडी-यूजर-सेशन्सच्या मागे उभं असतं आणि ते रिमोट-एफएस.टार्गेटच्या (नेटवर्कवरचे शेअर माउंट होण्याच्या टप्प्याच्या) मागे. म्हणजे शेअर माउंट होईपर्यंत किंवा फसेपर्यंत लॉगिन स्क्रीन अडकून पडते. लाइट परत आल्यावर तर आणखी वाईट : एसएसडीवालं मशीन राउटर आणि नॅसच्या आधीच तयार होऊन बसतं. शेअरच्या ओळीत आहेत त्या ऑप्शनपुढे स्वल्पविरामाने, मध्ये जागा न सोडता, हे जोडा :

नोफेल,_नेटडेव्ह,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=१०

मग सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड आणि रीबूट. शेअर आता फोल्डर पहिल्यांदा उघडल्यावर माउंट होईल. नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन मास्क करायची गरजच नाही. बूटच्या वेळी त्याला बोलावणारं दुसरं कुणी नसेल, तर ते आपोआप यादीतून जाईल.

अंबड_वर्कशॉप :
दोन्ही केलं. कर्नल ४ सेकंद, यूजरस्पेस ९. लॉगिन स्क्रीन आता लगेच येते. पासवर्डनंतरचा काळा पडदा मात्र जशाला तसा.

पेठरोड_पेंग्विन :
तो वेगळा आजार आहे. आधी सुडो ॲडयूजर चाचणी असा नवा यूजर करून त्याने आत जा (नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत). तो झटकन आत गेला तर गडबड तुमच्या होम फोल्डरमध्ये. तोही अडकला तर सगळ्या सिस्टीमची. काळ्या पडद्याची वेळ घड्याळ लावून मोजा. बरोबर २५ सेकंदांच्या आसपास भरली तर डी-बसवर (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या यंत्रणेवर) संशय घ्या, कारण उत्तर न देणाऱ्या प्रोग्रामची तो साधारण तेवढाच वेळ वाट बघतो. जर्नलसीटीएल --यूजर -बी मध्ये एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल (ॲपना फाइल निवडण्यासारख्या डेस्कटॉपच्या सोयी देणारी सर्व्हिस) अडखळताना दिसेल. एक्सएफसीईवर पोर्टलचा जीनोमवाला (दुसऱ्या एका डेस्कटॉपचा) भाग कुठल्यातरी पॅकेजबरोबर येऊन बसलेला असतो. तो काढा, जीटीकेवाला राहू द्या. आधी एपीटी -एस रिमूव्ह करून बघा, सोबत आणखी काय काय उडतंय ते कळेल.

गोदाकाठ_रूट :
आणि चाचणी यूजर झटकन गेला, तर डेस्कटॉपवर नॅसमधल्या फाइलचा शॉर्टकट किंवा वॉलपेपर आहे का बघा. सेशन सुरू होताना तो शेअरला हात लावतो, ऑटोमाउंट जागं होतं आणि नॅस झोपलेलं असेल तर डेस्कटॉप तिथेच गोठतो. होममधली .एक्ससेशन-एरर्स फाइलही बघा. शिवाय .कॅश/सेशन्समध्ये एक्सएफसीईने जपून ठेवलेलं जुनं सेशन असतं. लॉगआउट करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने टेक्स्ट कन्सोलवर जा, ते फोल्डर रिकामं करा आणि मग परत आत या.